अर्ध्या तासात समाप्त

हे बघा, मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल हसा. फक्त तोंडात चहाचा घोट असताना हसू नका, कारण मागच्या वेळी मी हे सांगितलं तेव्हा माझ्या मैत्रिणीनं समोरच्या पावण्यांच्या पांढऱ्या शर्टाची पार वाट लावली होती. गाढवपणा माझा होता, एकटीचा होता, आणि तो मी भर सभागृहात, माइकवरून, छापील कागद हातात धरून केला!

माझा मूळ दोष एकच. मी फार पटकन भारावते. लहानपणी आम्ही जोतिबाला गेलो की सगळे गुलाल उधळायचे आणि मी तोंड उघडं टाकून शिखराकडे बघत उभी. परत येताना डोंगर उतरून होईपर्यंत मी गुलालच थुंकत असायचे. पण सुधारले का? नाव नको.

मी गारगोटीजवळच्या एका खेड्यातली. तेव्हा कोल्हापुरात मराठी घेऊन एम.ए. करत होते. आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे एम.ए. प्रकरण पहिल्यापासून संशयास्पद वाटत होतं. तात्या गावच्या डेअरीचे सेक्रेटरी. दोन्ही वेळा दूध घ्यायचं, नमुना मशीनला लावायचा आणि फॅट किती ते मोठ्यांदा ओरडून सांगायचं. पाणी घातलेलं दूध मशीनच्या आधी तात्यांना कळतं, असं गाव म्हणतं. अशा माणसाला मी सांगितलं की मला पुढं पीएच.डी. करायची आहे.

"किती वरसं?"

"चार-पाच लागतील."

"पाच वरसं? आणि करायचं काय?"

"एका कादंबरीचा अभ्यास."

"एकाच?" तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मशीन लावायचीही गरज नव्हती. "बँकेच्या परीक्षेचा फारम आणून ठेवलाय. भर त्यो."

आता त्या कादंबरीबद्दल सांगते. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या बिचारीचा यात काही दोष नाही. जुनी, गाजलेली कादंबरी. नदीच्या काठी भिवा नावाचा नावाडी राहतो, त्याची आई नसलेली पोर सगुणा. पोर वाढते, नदीवर पूल बांधायला घेतात, पूल पुरा होतो, नाव बंद पडते आणि भिवा खचून मरतो. झालं. एवढीच गोष्ट. पण लिहिली अशी आहे की काय सांगू! मी ती एसटीत वाचत होते. गारगोटी आली, गाडी रिकामी झाली, मला पत्ताच नाही. शेवटी कंडक्टर जवळ येऊन म्हणाले, "ताई, गाडी आता धुवाय चाललीया. तुमी बी धुवून घेणार हायसा काय?"

ही कादंबरी आम्हाला माने सर शिकवायचे. फार मोठा माणूस. पहिल्याच तासाला ते म्हणाले होते, "अभिजात कलाकृती आपल्याला समजली नाही, तर दोष कलाकृतीचा नसतो, आपला असतो. तिच्यापुढे नम्र व्हा." मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझं पुढचं सगळं वाटोळं त्या दोन रेघांनी केलं.

झालं असं, की सरांनी निबंध लिहायला दिला. या कादंबरीवर फार पूर्वी एक चित्रपट निघाला होता, कृष्णधवल, कोल्हापुरातच तयार झालेला. कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना करायची. ज्याचा निबंध उत्तम ठरेल, त्यानं तो सभागृहात सगळ्यांपुढं वाचायचा.

चित्रपट सहजी कुठं मिळेना. शेवटी इंटरनेटवर सापडला, पण अखंड नव्हे. कुण्या भल्या माणसानं त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार तुकडे करून टाकले होते. मी चारही उतरवले, पेनड्राइव्हवर घेतले आणि रविवारी गावी गेले. माझ्या फोनचा पडदा तडकलेला. त्यात अभिजात काय दिसणार? डेअरीत मात्र मोठा टीव्ही होता, जनावरांच्या आजारांची माहिती दाखवायला आणलेला. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत तो नुसता भिंतीला बसलेला असतो.

मी पेनड्राइव्ह लावला आणि चालू केलं. प्रेक्षक तीन. मी, तात्या आणि आमच्या शेजारच्या सखूकाकी, ज्या दुधाची रिकामी किटली न्यायला आल्या होत्या आणि पिक्चर म्हटल्यावर किटलीवरच बसल्या.

आणि काय सांगू तुम्हाला! पडद्यावर पहिलंच दृश्य कसलं? पूल! पुरा बांधून झालेला, वरनं गाड्या चाललेल्या आणि खाली वाळूत पडलेली भिवाची मोडकी नाव. पार्श्वभूमी नाही, ओळख नाही, एकदम थेट! माझ्या अंगावर काटा आला. कादंबरी जिथं संपत आली, तिथं यानं सुरुवात केली होती. पुढं भिवा खोकत राहिला, सगुणा सासरहून धावत आली आणि त्यानं तिच्या मांडीवर जीव सोडला. मग भलीमोठी पाटी आली. समाप्त.

अर्ध्या तासात!

सखूकाकी पदरानं डोळे पुसत उठल्या. "चांगला हुता गं. बारका हुता, पर चांगला हुता."

त्या दारापर्यंत पोचतात तोवर पडद्यावर पुन्हा चित्र आलं. भिवा नाव वल्हवत होता. चांगला ठणठणीत.

"अगं बया!" काकी किंचाळल्या. "आत्ता मेला की ह्यो!"

"वैशाले," तात्या शांतपणे म्हणाले, "शेपटीकडचं आधी लागलंय. बघ जरा काय झालंय त्ये."

तिथं मी उठून बघायला पाहिजे होतं की नाही? रिमोट हातात होता. एक बटण दाबायचं होतं. पण मी काय केलं? मी माझ्या जन्मदात्याकडे कीव येऊन पाहिलं.

"तात्या, ह्ये तुमच्या गाई-म्हशींच्या माहितीचं न्हाई. अभिजात हाय. दिग्दर्शकानं मुद्दाम तसं केलंय. मी शिकतो न्हवं ह्ये? जरा नम्र व्हा की!" आमच्याकडं पोरीबाळीही 'मी शिकतो, मी जातो' असंच म्हणतात, आणि चिडल्या की जास्तच.

"कुणापुढं?" तात्यांनी विचारलं. "टीव्हीपुढं?"

मी पूर्ण बुडाले होते. कारण समोर जे चाललं होतं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. मघाशी पुरा असलेला पूल आता अर्धाच होता! पुढच्या तुकड्यात तर नुसते चार खांब! माणसानं बांधलेलं नदी एकेक करून काढून घेत होती. भिवाचे पांढरे केस काळे झाले. सगुणेच्या गळ्यातलं मंगळसूत्र गेलं आणि वेण्या आल्या. आणि मजा म्हणजे गोष्ट नुसती उलटी नव्हती, थोडी पुढं सरकायची आणि मग एकदम मागं उडी मारायची. मी वहीत लिहिलं, "भोवरा!" नदीतला भोवरा असाच तर फिरवतो माणसाला.

मग कळस झाला. दीड तास झाल्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या! कथा, संवाद, छायाचित्रण, संकलन, सगळी. सांगा मला, चित्रपटाच्या एवढ्या आत जाऊन मग आपली नावं सांगायची, ही हिंमत कोण करील? कर्त्यानं स्वतःला किती मागं ठेवलं होतं! मी पाट्यांना हात जोडले. खोटं नाही सांगत, जोडले. सखूकाकींनी मी जोडले म्हणून जोडले.

शेवटच्या तुकड्यात सगुणा अगदी एवढीशी. भिवा तिला दुधात भाकरी चुरून भरवतो. बाकी काही घडत नाही. पण तो कसा मरणार आहे हे मला ठाऊक होतं, तिला ठाऊक नव्हतं, आणि ती घास चुकवून हसत होती. कादंबरी वाचताना मी शेवटी रडले होते. इथं नुसत्या भाकरीला रडले. तात्यासुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले होते.

आणि मग सगुणा विचारते, "बाबा, आपली नाव कवा—" आणि पडदा काळा. संपलं! वाक्य अर्धं सोडून!

"कवा काय?" सखूकाकी म्हणाल्या.

"त्येच तर!" मी डोळे पुसत ओरडले. "ते आपण ठरवायचं, काकी!"

"आपण कशाला ठरवायचं? पिक्चर त्येंनी काढलाय की," असं म्हणून त्या किटली घेऊन गेल्या.

मी बावीस पानं लिहिली. निबंधाचं नाव, 'चित्रपटातील भोवरा-रचना: एक आकलन'. त्यात पुलाच्या विसर्जनावर चार पानं, मध्यावरच्या नामावलीवर तीन पानं आणि त्या अर्ध्या वाक्यावर पाच पानं.

माने सरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"वैशाली, मी हा चित्रपट लहानपणी थेटरात पाहिलाय. मला तर तो चांगला सरळ आठवतोय. पोर लहान, मग मोठी, मग म्हातारा मरतो."

इथं तरी मला शंका यावी की नाही? पण सरच पुढं म्हणाले, "अर्थात आम्ही तेव्हा शेंगा फोडत बघत होतो म्हणा. निसटलं असणार. केवढी मोठी गोष्ट निसटली बघ!" त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा विद्वान माणूस, पण माझ्या बावीस पानांपुढं नम्र झाला.

मग काय विचारता! सरांनी भोवरा-रचना वर्गात शिकवली. फळ्यावर भोवरा काढून दाखवला. चाचणीत त्यावर प्रश्न आला आणि सगळ्या वर्गानं उत्तर लिहिलं, चित्रपट न पाहता. एकानं तर स्वतःच्या मनानं दुसरा एक पोटभोवराही काढला आणि त्याला शाबासकी मिळाली. आणि कहर म्हणजे सरांना शोध लागला, की त्या चित्रपटाचे संकलक, म्हणजे ज्यांनी तो कापून-जोडून तयार केला ते बापूसाहेब, अजून हयात आहेत आणि कोल्हापुरातच राहतात. सर स्वतः जाऊन त्यांना आमंत्रण देऊन आले.

मी घरी फोन करून सांगितलं, की माझाच निबंध उत्तम ठरलाय आणि बापूसाहेब तो ऐकायला येणार आहेत. तात्यांनी आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "मी येतो ऐकाय. त्यो पिक्चर केलेला माणूस म्हणाला, पोरीत काय तरी हाय, तर कर तुझी ती पीएच.डी. न्हाई म्हणाला तर गप बँकेची परीक्षा द्यायची. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. आधी भोवऱ्यावर माझा विश्वास होता. आता माझी पाच वर्षं त्यावर होती.

सभागृह भरलं होतं. तात्या कडक इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत. व्यासपीठावर बापूसाहेब. ऐंशीच्या पुढचे, बारीक, ताठ, कानात यंत्र. माने सरांनी ओळख करून दिली, "मराठी चित्रपटात भोवरा-रचना आणणारे थोर संकलक!" बापूसाहेबांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकलं आणि परत घातलं. मला वाटलं, केवढा हा विनय!

मी वाचायला लागले. सांगते तुम्हाला, असं मी पुन्हा कधी वाचलं नाही. पूल खांबाखांबानं नाहीसा झाला तेव्हा मागच्या रांगा पुढं सरकल्या. भाकरीच्या दृश्याला मुली मुसमुसायला लागल्या. सरांनी रुमाल काढला. बापूसाहेब डोळे मिटून ऐकत होते. 'दीड तासाने येणारी नामावली' म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले. अर्ध्या वाक्याचा शेवट आला तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी मनात म्हटलं, आपल्या कलेचा पुरा अर्थ इतक्या वर्षांनी ऐकल्यावर माणसाचा घसा कोरडा पडणारच.

टाळ्या! थांबेचनात. बापूसाहेब उठून माइकपाशी आले.

"पोरी, बस," ते म्हणाले. मी बसले. "न्हाई, उभी ऱ्हा." मी उठले. "मी ह्यो पिक्चर चार म्हयनं कापला. ब्लेडनं. फिल्मचं तुकडं गळ्यात अडकवून बसायचो. मला एक सांग, त्यो पूल पडला कवा?"

"पडत नाही, बापूसाहेब," मी नम्रपणे म्हणाले. "नाहीसा होत जातो."

"आमी तर बांधला हुता! पुलाचं काम खरंच चालू हुतं तिथं. एकेक खांब उभा ऱ्हाईल तसं जाऊन शूटिंग केलं. वरीस गेलं त्यात." सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. "आणि आमची नावं तू म्हणतीस मधी. सुरवातीला हुती की! कुठं बघितलास तू ह्यो?"

"टीव्हीवर. पेनड्राइव्ह लावून. चार भाग होते."

"चार. बरं. आधी कुठला लागला?"

मी तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं. आमच्या डेअरीचा टीव्ही शेवटी उतरवलेलं आधी लावतो! जनावरांच्या माहितीचंही तो तसंच करतो, लसीकरण आधी आणि रोग मागनं. चार, तीन, दोन, एक! माझा भोवरा माझ्याच पायाखाली गरगर फिरायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण सभागृहाची फरशी चांगली पक्की होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, ज्या आवाजात फॅट सांगतात त्या आवाजात तात्या उभे राहून म्हणाले, "शेपटीकडचा! मी तवाच म्हणलो हुतो!"

मग जे हसू फुटलं, ते काय वर्णावं! खुर्च्या वाजल्या. मघाशी रडणाऱ्या मुली आता पोट धरून रडत होत्या. माने सर भिंतीला टेकले आणि पुटपुटले, "मी सगळ्या वर्गाला दहापैकी नऊ दिलेत गं." माझा चेहरा कसा झाला होता ते मला दिसत नव्हतं, तेवढीच देवाची कृपा.

बापूसाहेबांनी हात वर केला. हसू थांबायला बराच वेळ लागला, त्यांचं स्वतःचंसुद्धा.

"तवा लोकं म्हणालं, पिक्चर लई सरळ हाय, डोकं न्हाई," ते म्हणाले. "इतक्या वरसांनी एकीला डोकं दिसलं, त्ये बी शेपटाच्या जागी!" पुन्हा हशा. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पर पोरी, भाकरीचं जे बोललीस की न्हाई, त्ये खरं हाय. त्यो सीन लांबतोय म्हणून मी काढाय निघालो हुतो. ब्लेड लावलं हुतं. डायरेक्टरनं माझा हात धरला, म्हणाला, बापू, ह्ये ऱ्हाऊ दे, कुणाला तरी कळंल. मला वाटलं हुतं, कुणालाच कळलं न्हाई."

ज्या हातानं ते ब्लेड धरलं होतं, तोच म्हातारा हात आता माइकवर होता, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. लाज, फजिती, पीएच.डी., सगळं विसरून नुसती बघत राहिले. परत भारावले! सांगितलं ना, सुधारणा नाही.

जाताना बापूसाहेब तात्यांपाशी थांबले. "पोरीत काय तरी हाय," ते म्हणाले. "नेमकं काय हाय, त्ये मला सांगता याचं न्हाई."

सरांनी ठरल्याप्रमाणे मला शाल दिली. इतकी गरम शाल मी आयुष्यात पांघरली नाही.

परतीच्या एसटीत तात्यांनी दोन तिकिटं काढली आणि टोपी सांभाळत बसले. मी खिडकीशी शाल मांडीवर घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात बँकेचा फॉर्म भरत होते. 'काय तरी हाय' हे हो झालं की नाही झालं, तेही विचारायचा धीर होईना. मुदाळतिट्ट्याला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, गाडी सुटली. तेव्हा तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पीएच.डी. कर तू," ते म्हणाले.

मी उडालेच. "खरं? बापूसाहेब तसं म्हणालं म्हणून?"

"त्येंचं सोड. मी माझं बघून सांगतोय." तात्या अगदी गंभीर होते, दुधाचा नमुना उजेडात धरताना असतात तसे. "बँकंत असलं उलटं काम केलंस तर दुसऱ्या दिवशी घरी बसवत्यात. डेरीत केलंस तर गाव दारात येतंय. आणि हितं? बावीस पानं समदं उलटं सांगितलंस, तर माणसं डोळं पुसाय लागली, पोरांस्नी मार्क मिळालं आणि वर तुला शाल! बाई, तुला सांभाळून घील असं दुसरं ठिकाण मला तरी म्हायत न्हाई. तू आपली हितंच ऱ्हा."